चौदा फेब्रुवारीचा माल आणि पंधरा फेब्रुवारीचा हिशेब

जानेवारी संपत आला की आपल्या जिल्ह्यातील कटलरी, स्टेशनरी, भेटवस्तू आणि तयार कपड्यांच्या दुकानदारांपुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. १४ फेब्रुवारीच्या ‘व्हॅलेंटाईन डे’चा माल भरावा की भरू नये? भरला तर मोहल्ल्यातील बुजुर्ग नाराज होतात. नाही भरला तर समोरचा दुकानदार गिऱ्हाईक घेऊन जातो. या विषयावर आपल्यात दोनच प्रकारची बोलणी ऐकू येतात. कोणी म्हणतो, हा आपल्या तहजीबीवरचा हल्ला आहे, नावसुद्धा काढू नका. कोणी म्हणतो, धंद्याला धर्म नसतो, खपेल ते विका. दोन्ही बोलण्यांत हिशेब मात्र कुठेच येत नाही. म्हणून आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी हा विषय थोडा उलगडून मांडावा असे वाटले.

प्रथम या दिवसाचा इतिहास पाहू. व्हॅलेंटाईन नावाचे ख्रिस्ती संत तिसऱ्या शतकात होऊन गेले असे मानतात. एक रोमचे धर्मगुरू आणि दुसरे तेर्नी गावचे बिशप, अशा दोघांच्या कथा जुन्या ग्रंथांत येतात. दोघे वेगळे की एकच, यावर खुद्द ख्रिस्ती विद्वानांचेही एकमत नाही. बादशहाने सैनिकांच्या लग्नाला बंदी घातली आणि संताने चोरून निकाह लावून दिले, ही जी गोष्ट दरवर्षी छापून येते ती फार नंतर जोडलेली आहे. १९६९ साली कॅथलिक चर्चने आपल्या जागतिक पंचांगाची दुरुस्ती केली आणि त्यातून या संताचा १४ फेब्रुवारीचा सण काढून टाकला. म्हणजे ज्यांचा तो धार्मिक सण होता त्यांनीच त्याला सर्वसाधारण यादीतून वगळले. आपल्या सिंधुदुर्गात सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ला भागात ख्रिस्ती बांधवांची जुनी वस्ती आहे. त्यांचे नाताळ आणि फेस्त आपण लहानपणापासून पाहत आलो. त्यांच्या घरातून १४ फेब्रुवारीला धार्मिक सण म्हणून कपडे घ्यायला माझ्या दुकानात कोणी आल्याचे मला आठवत नाही.

मग या दिवसाला प्रेमाचा रंग कोणी दिला? चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर नावाच्या इंग्रज शायराने असे लिहिले की या संताच्या दिवशी पाखरे आपला जोडीदार निवडतात. तिथून हा दिवस दरबारी लोकांच्या शेरोशायरीत शिरला आणि पुढची काही शतके हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांपुरता राहिला. त्याचा खरा विस्तार केला तो आपल्यासारख्याच दुकानदारांनी. ही हकीगत मुद्दाम सविस्तर सांगतो.

१८४० साली इंग्लंडमध्ये एका पेनीत देशभर कुठेही पत्र जाण्याची सोय झाली. टपाल स्वस्त झाले तशी छापील चिठ्ठ्यांची मागणी वाढली. त्याच दशकात अमेरिकेत वूस्टर गावी एस्थर हाऊलंड नावाची मुलगी होती. वडिलांचे स्टेशनरीचे दुकान. तिच्या हातात इंग्लंडहून आलेले एक नक्षीदार कार्ड पडले. हे आपण इथेच बनवू शकतो, असे म्हणून तिने जाळीदार कागद आणि रंगीत कागदी फुले मागवली आणि नमुने तयार केले. तिचा भाऊ वडिलांच्या दुकानाच्या मालासाठी गावोगाव फिरत असे, त्याच्याकडे ते दिले. तो परतला तेव्हा अपेक्षेच्या कितीतरी पट ऑर्डरी घेऊन आला. मग तिने गावच्या मुली कामाला बसवल्या. एक कापणार, एक चिकटवणार, एक फुले लावणार. एकीच्या हातून दुसरीच्या हाती माल सरकत जाई. भिवंडी-मालेगावच्या मागवाल्यांना किंवा आपल्याकडच्या शिवणकामगारांना ही पद्धत समजावून सांगायला नको. या बाईने सगळ्या मुलखाला प्रेमाची कार्डे पुरवली आणि स्वतः मात्र अविवाहित राहिली!

दुसरी हकीगत बर्मिंगहॅमच्या कॅडबरी कंपनीची. १८६८ साली रिचर्ड कॅडबरी यांनी चॉकलेटसाठी बदामी आकाराची सजवलेली पेटी काढली. चॉकलेट संपले तरी पेटी घरात राही. बायका त्यात चिठ्ठ्या आणि लहानसहान वस्तू ठेवत. धंद्याच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे. खाण्याचा जिन्नस एका दिवसाचा, पण पेटी वर्षानुवर्षांची. गिऱ्हाईक पैसे देताना मनात हा हिशेब करतेच.

आपल्या देशात हा दिवस आला तोही याच वाटेने. आर्चीज ही कार्डांची कंपनी १९७९ साली दिल्लीत सुरू झाली. १९९१ नंतर बाजार खुला झाला, उपग्रह वाहिन्या घरोघर पोहोचल्या आणि शहरांतल्या कॉलेजांत कार्ड, टेडी, गुलाब यांची चाल पडली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत शिवसेनेने या दिवसाला कडाडून विरोध केला. कार्डांच्या होळ्या झाल्या, दुकानांच्या काचा फुटल्या. मजा पाहा, विरोधाच्या त्या बातम्यांनीच हा दिवस खेड्यापाड्यांत माहीत करून दिला. जाहिरातीचा खर्च दुसऱ्यानेच केला म्हणायचे. पुढे मोबाईल आला आणि कार्ड मागे पडले. मोबाईल कंपन्याही काही कमी नाहीत. एसएमएसचा जमाना होता तेव्हा अशा दिवशी सवलतीचे पॅक चालत नसत, प्रत्येक संदेशाला पूर्ण दर लागे. २०२३ साली तर केंद्राच्या पशुकल्याण मंडळाने १४ फेब्रुवारीला गाईला मिठी मारण्याचे आवाहन केले आणि चार दिवसांत ते मागेही घेतले.

आपल्या महाराष्ट्रात या दिवसाचा खरा पैसा कोणी कमावला असेल तर तो मावळच्या गुलाब उत्पादकांनी. तळेगाव दाभाडे येथे एमआयडीसीचे फुलांसाठी खास क्षेत्र आहे आणि आसपास पॉलीहाऊस उभी आहेत. तिथला शेतकरी डिसेंबरच्या मध्यापासून रोपांची छाटणी व वाकवणी तारखेनुसार करतो, कारण त्यानंतर साधारण दीड महिन्याने फूल तयार होते. जानेवारीच्या अखेरीपासून लांब दांड्यांची लाल फुले शीतगृहात ठेवून, खोक्यात बांधून, विमानाने युरोपकडे रवाना होतात. १० फेब्रुवारीच्या सुमारास तो परदेशी माल पाठवणे बंद करतो. उशिरा पोहोचलेल्या गुलाबाची किंमत काय, हे त्याला पक्के ठाऊक असते. उरलेला माल मुंबई-पुण्याच्या बाजारात वळवतो. तारखेचा धंदा करावा तर असा.

आणि आपण काय करतो? जानेवारीत मुंबईला अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा कोल्हापूर, बेळगावला जातो. परदेशी बनावटीचे टेडी, बदामाच्या उशा, ‘आय लव्ह यू’ छापलेले मग, तारीख घातलेले टीशर्ट उचलतो. घाऊक व्यापारी असा माल परत घेत नाही. आपल्या जिल्ह्याची बाजारपेठ ती केवढी! कणकवली, कुडाळ, सावंतवाडीत कॉलेजची मुले येतात ती दहा रुपये कमी करा म्हणत. तारकर्लीला आलेले जोडपे किल्ला पाहते, समुद्रात उतरते, मासे खाते. टेडी त्यांनी आपल्याच शहरातून आणलेला असतो. १५ तारखेला उरलेला माल माळ्यावर जातो आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. कापडाचा तागा निदान पुढच्या ईदला, दिवाळीला कमी भावाने का होईना निघतो. छापील तारखेचा माल मेल्यात जमा. ज्याने तो उसनवारीवर भरला, त्याच्यासाठी तर ही पुढच्या हंगामाची रक्कम असते.

याच फेब्रुवारीत आपल्या दारात जो धंदा आहे त्याकडे मात्र आपण प्रेमाचा धंदा म्हणून पाहतच नाही. मसुऱ्याच्या आंगणेवाडीची जत्रा बहुधा याच दिवसांत भरते. तिची तारीख पंचांगावर नसते, देवीच्या कौलाने ठरते. पाठोपाठ महाशिवरात्रीला देवगडात कुणकेश्वरची जत्रा. मुंबईचा चाकरमानी रजा काढून येतो. परतताना घरच्यांसाठी खाजे आणि बायकोसाठी काकणे घेतो. मनियाराकडे तो स्वतः उभा राहून रंग निवडतो, माप चुकेल म्हणून बायकोचे जुने काकण खिशात घालून आणतो. याला कोणी ‘डे’ म्हणत नाही, पण नवऱ्याने बायकोला आवडीने काही घेऊन देण्याचा हा आपल्या मुलखातला जुना रिवाज आहे. आपल्या मनियार बांधवांच्या कितीतरी पिढ्या यावर जगल्या.

याच मोसमात वेंगुर्ला तालुक्यात आरवली, शिरोडा, आसोली भागात सुरंगी फुलते. बायका पहाटे कळ्या काढून वळेसर करून विकतात. सुरंगीचा वास एकदा खोलीत शिरला की गुलाब कोणी विचारत नाही. तिची सुकलेली कळी अत्तराच्या आणि रंगाच्या धंद्यासाठी किलोवर विकली जाते. म्हणजे १५ फेब्रुवारीलाही तिला भाव आहे. अत्तराचा धंदा तर आपल्याच लोकांचा. तरी सुरंगीची लहान शीशी, सावंतवाडीच्या चितारआळीतील रंगवलेल्या लाकडी डबीत घालून, सोबत वेंगुर्ल्याचे काजू ठेवून कोणी विकायला मांडलेली मला अजून दिसली नाही. कॅडबरीने पेटीचे जे केले तेच हे. असा माल फेब्रुवारीत पर्यटकाला जाईल, मे महिन्यात चाकरमान्याला आणि लग्नसराईत वऱ्हाडाला.

आता शरियतच्या बाजूबद्दल. मी आलिम नाही, फतवा देणे माझे काम नाही. हा दिवस साजरा करू नये असे अनेक उलेमांनी स्पष्ट सांगितले आहे आणि त्यांचे म्हणणे डावलून चालणार नाही. माझ्या दुकानावर मी त्या दिवसाची पाटी लावत नाही. पण ओढणी, अत्तर, बांगडी, मिठाई हा माल हलाल आहे आणि १४ तारखेला आलेल्या गिऱ्हाईकाची निय्यत तपासणे दुकानदाराच्या हाती नाही. एवढे मात्र पाहावे की आपले दुकान कोणाच्या चोरट्या भेटीगाठींची जागा होऊ नये. आजचे वातावरण नाजूक आहे. मुलगा एका जमातीचा, मुलगी दुसऱ्या जमातीची, आणि उभे आहेत आपल्या काउंटरसमोर, एवढेही मोहल्ला पेटायला पुरते. काही वर्षांपूर्वी आमच्या बाजारात एका संघटनेची पोरे येऊन एका दुकानाची लाल फुग्यांची सजावट उतरवून गेली. दुकानदार आपला होता, फुगे दोनशे रुपयांचेही नसतील. पण त्याला आठ दिवस दुकान उघडायची हिंमत झाली नाही. नफ्यातोट्याच्या हिशेबात ही रक्कम कोणत्या रकान्यात लिहायची?

मोहब्बतीचा विषय निघालाच आहे तर एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. एकमेकांना हदिया द्या म्हणजे मोहब्बत वाढते, ही तालीम आपल्या दीनमध्येच आहे. सूरह निसामध्ये बायकांना त्यांचा मेहेर खुशीने देण्याचा हुकूम आहे. आणि आपल्यात मेहेरचे काय होते? निकाहात रक्कम लिहिली जाते आणि तिथेच राहते. घाऊक व्यापाऱ्याची उधारी तीन महिन्यांत चुकवणारा, बाजारात ज्याच्या शब्दाला किंमत आहे असा माणूस, घरातली ही उधारी तीस-तीस वर्षे ठेवतो. शेवटी जनाज्याशेजारी बिचारीकडून माफ करून घेतात. याच लग्नांत मुलीच्या बापाकडून कपाट, पलंग, गाडी घेताना मात्र हिशेब चोख असतो. कापडाच्या गादीवर बसून मी ही खरेदी पाहतो. बाप एक-एक साडी उलटून किंमत विचारतो आणि नवरदेवाची माणसे नुसते बोट दाखवतात. पोरांच्या गुलाबावर जुम्म्याला बोलणाऱ्यांनी कधी यावरही बोलावे. व्यापारी म्हणूनही मला हेच परवडते. ज्या घरात मेहेर हातात मिळतो, त्या घरची बाई स्वतः दुकानात येऊन, पसंतीने, रोख खरेदी करते.

शेवटी पुढच्या काही वर्षांचे गणित. चाँदचे वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो. १९९५ आणि १९९६ साली १४ फेब्रुवारी रमजानमध्ये आली होती. तेहतीस वर्षांच्या फेऱ्याने तोच योग पुन्हा येतो. २०२७ आणि २०२८ साली ही तारीख रमजानमध्ये पडते आणि २०२९ साली, चाँदवर अवलंबून, ईदच १४ फेब्रुवारीच्या आसपास येते. त्या वर्षी ओढण्या, बांगड्या, अत्तर, मुलांचे कपडे यांना जी मागणी असेल तिच्यापुढे टेडीची काय कथा! शिवाय थंडीतली ईद म्हणजे जाड कापडाला उठाव आणि लग्नसराईही जवळच. सुरतेच्या आणि मंगलदास मार्केटच्या व्यापाऱ्यांकडे अशा वर्षी जानेवारीत गेलात तर उरलेले रंग मिळतील. २०२९ च्या ईदसाठी माल डिसेंबर २०२८ च्या पहिल्या पंधरवड्यात ठरवावा लागेल आणि शिंप्यांना त्याआधी सांगून ठेवावे लागेल.