कानाखालचें द्वार

“कानाखालीं आवाज काढीन” ही धमकी ज्यांत कधींच ऐकूं आली नाहीं, असें घर वा असा वर्ग विरळाच. ती देणाऱ्यास कानाखालीं काय आहे हें ठाऊक असतें, तर ती त्याच्या ओठांवर आली नसती, असें आम्हांस वाटतें.

आमचे विद्यार्थी प्रौढ मनुष्याच्या हाडांची संख्या २०६ अशी बिनचूक लिहितात. परंतु त्या हाडांस भोकें कां, असें विचारतांच वर्ग मुका होतो. वस्तुतः हाड ही नुसती भिंत नव्हे; तिला दारें आहेत. कवटीच्या तळाशीं असलेल्या सर्वांत मोठ्या दारांतून मेंदूचें शेवटचें टोंक खालीं उतरतें व मज्जारज्जूस मिळतें. त्याच वाटेनें दोन रोहिणी वर चढतात. त्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या छिद्रांतून, मण्यांत दोरा ओंवावा तशा, आलेल्या असतात. नाकाच्या मुळाशीं तर हाडाची बारीक चाळणच आहे. तिच्यांतून गंधाचे तंतु मेंदूकडे जातात, आणि डोक्यास जबर हादरा बसल्यास ते तेथेंच तुटूं शकतात.

आतां कानाकडे वळूं. कानाच्या मागें, खालच्या बाजूस, एक लहान छिद्र असून त्यांतून चेहऱ्याचा मज्जातंतु बाहेर पडतो. डोळा मिटणें, हसणें, शीळ घालणें हें सर्व त्याच्यावर अवलंबून. तान्ह्या मुलांत कानामागील हाडाचा उंचवटा वाढलेला नसतो, म्हणून हा तंतु जवळजवळ कातडीखालींच असतो. कवटीच्या तळाशीं, मोहरीच्या दाण्याहून किंचित् मोठ्या अशा दुसऱ्या एका छिद्रांतून एक रोहिणी आंत शिरते व कानशिलाच्या आंतल्या अंगास पसरते; आणि तेथेंच कवटीचें हाड अतिशय पातळ असतें. तें फुटून रोहिणी फाटली, तर मूल कधीं कधीं कांहीं वेळ नेहमीसारखें हिंडतें-बोलतें, आणि मग गुंगी येऊन पडतें.

थपडेनें हाड मोडत नाहीं, असें कोणी म्हणेल. बहुधा मोडत नाहीं, हें खरें; पण थपड बसलेलें मूल बांकाच्या कोपऱ्यावर कसें आदळेल, हें मारणाऱ्याच्या हातीं नसतें. शाळेंतील मारास २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें बंदी केली आहे. तो कायदा घराच्या उंबऱ्याशीं थांबतो. आरंभींच्या वर्षांत आम्हींही हात उगारला आहे, आणि तो कोठें पडतो हें पाहिलें नाहीं. तें आठवलें म्हणजे आज लाज वाटते.

पालकसभेच्या दिवशीं शास्त्राच्या खोलींतील कवटी (ती प्लॅस्टिकची आहे, भिण्याचें कारण नाहीं) आम्ही मेजावर ठेवूं. तिच्या छिद्रांतून मुलांनीं रंगीत दोरे ओंवलेले असतील. कानाखालचा दोरा पिंवळा असेल; पालकांनीं तो अवश्य पाहावा.