३,२८५ जणांत १९

अल्झायमर रोगाचा इतिहास १९०६ सालच्या ट्युबिंगेनच्या सभेपासून सुरू करण्याची प्रथा आहे. त्याआधीच म्युनिकमध्ये अल्झायमर यांच्या हाताखाली काम करून गेलेले सॉलोमन कार्टर फुलर कुणाला आठवत नाहीत. जन्म लायबेरियातला, १८७२चा. आजोबा अमेरिकेत गुलाम. अल्झायमर यांचा मूळ जर्मन वृत्तान्त १९१२ साली इंग्रजीत आणला तो या कृष्णवर्णीय वैद्यांनी.

आता २०२१ पाहा. अमेरिकेत ॲड्युकॅनुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. त्याच्या दोन मुख्य चाचण्यांत रुग्ण ३,२८५. त्यांत कृष्णवर्णीय १९! तिथल्याच पाहण्यांनुसार कृष्णवर्णीय वृद्धांत या रोगाचे प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आहे. एकाच पक्षाच्या दफ्तरावरून लिहिलेल्या बखरीला आपण इतिहास म्हणत नाही. इथे मात्र त्याला विज्ञान म्हणायचे.

यावर ठरलेले उत्तर : ‘ते लोक पुढेच येत नाहीत, त्यांचा विश्वास नाही.’ तो आपोआप उडाला काय? अलाबामातील टस्कीगीत १९३२ ते १९७२ सरकारी आरोग्यसेवेने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश मुद्दाम उपचाराविना राहू दिला, पेनिसिलिन हाताशी असतानाही.

शिवाय अटी पाहा. अनियंत्रित रक्तदाब असेल तर नाव बाद. रुग्णासोबत येणारे जवळचे माणूस नसेल तरी बाद. तासांवर मजुरी करणाऱ्या मुलीने आईसाठी दर खेपेला रजा कुठून आणावी? अटी लिहिणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे, मग विश्वासावर प्रवचन करावे.