मालिशचं टेबल आणि गोळ्या

आमवात असलेल्या बायांच्या मदतनिधीसाठी आम्ही मालिश, योग, शिथिलीकरण असा एक दिवस ठरवला. पहिलं भांडण झालं ते फलकावरून. उपचार करायला येणाऱ्या एका गृहस्थांना ‘मुळासकट बरा’ असं लिहून हवं होतं. जादूच्या उपायांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे. त्याच्या यादीत संधिवात आहे. (‘स्त्रियांचे आजार’ही आहेत, सरसकट!)

हा आजार पुरुषांपेक्षा बायांना दोन-तीन पट अधिक होतो. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रक्त तपासत राहायचं, आणि गुण यायला काही आठवडे लागतात. तेवढ्यात कुणी ‘विषारी आहे, सोडा’ म्हणालं की घरचेही खूश, खर्च वाचला. आमच्यातल्या एकीने अशीच सोडली. आता तिला पोळी लाटता येत नाही आणि सासू तिला कामचुकार म्हणते.

मालिशने बरं वाटतं, हे खरंच. जन्मभर दुसऱ्यांचे पाय चेपणारी बाई कधी नव्हे ती स्वतः आडवी होते, हेही मला मोलाचं वाटतं. पण सुजलेला सांधा चोळायचा नाही, गोळ्यांबद्दल बोलायचं नाही, हे ज्यांना मान्य नाही त्यांचं टेबल मांडूच नये. आमची दोन टेबलं त्यापायी रिकामी राहिली, निधीही कमी जमला. पुढच्या वेळीही अटी याच ठेवू.