सांगणाऱ्याचं काम ऐकणाऱ्याच्या माथी

'शहाण्याला शब्दाचा मार' ही म्हण आपण लहानपणीच शिकतो आणि तिच्या आडोशाने एक मत पक्कं करून टाकतो. समंजस माणसांत सगळं उघड करून सांगावं लागत नाही. जिथे सांगावं लागतं, तिथे जिव्हाळा कमी पडतो. हाताखालच्या माणसाने तर साहेबाचं म्हणणं अर्ध्या वाक्यात ओळखावं, पुन्हा विचारू नये. हे मत सुसंस्कृत वाटतं, म्हणूनच त्याला कोणी सहसा हात लावत नाही. माझ्या मते ते चुकीचं आहे आणि त्याची किंमत बहुतेक वेळा दुबळ्या बाजूचा माणूस भरतो.

आधी जिव्हाळ्याचा मुद्दा घेऊ. जवळच्या माणसाचं काही ना काही न सांगता कळतं, हे मान्य. पण 'लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून सांगावं लागतं का?' असं विचारणारा माणूस तेवढ्याच वर्षांत स्वतःही बदललेला असतो. जोडीदाराने अंदाज बांधायचा तो जुन्या माणसावरून, आणि चुकला की प्रेम आटल्याचा आरोप ऐकायचा. शिवाय घरात हे अंदाज बांधायचं काम कोणाच्या वाट्याला येतं तेही पाहावं. 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा' असं घरातला वडीलधारा म्हणतो, केलेलं मनासारखं झालं नाही की दोन दिवस अबोला धरतो, आणि आपलं काय चुकलं याचा विचार सून करते, लेक करते, धाकटा भाऊ करतो. ज्याच्या नाराजीला घर घाबरतं त्यालाच मनातलं मनात ठेवणं परवडतं. बाकीच्यांना रोज ओळखत बसावं लागतं. याला जिव्हाळा म्हणायला मी तयार नाही.

कचेरीतही तेच. 'जरा बघून घ्या', 'योग्य ती कार्यवाही करावी'. कोणी करावी, कधीपर्यंत, योग्य म्हणजे नेमकी कोणती, यातलं काहीच ठरत नाही. काम झालं तर शेरा मारणाऱ्याने करवून घेतलं, आणि फसलं तर कारकुनाला कळलं नाही.

यावर उत्तर मिळतं की अनुभवी माणसांत असं होत नाही. या उत्तरासाठी 27 मार्च 1977 चा तेनेरिफे विमानतळ आठवावा. कॅनरी बेटांतल्या त्या विमानतळावर दाट धुकं होतं आणि धावपट्टीवर दोन बोइंग 747 विमानं होती, एक केएलएमचं, एक पॅन अ‍ॅमचं. केएलएमला टॉवरने उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला होता, उड्डाणाची परवानगी दिली नव्हती. वैमानिकांनी 'आम्ही आता उड्डाणावर आहोत' अशा अर्थाचा निरोप दिला. टॉवरने त्याचा अर्थ 'तयार आहोत' असा घेतला आणि 'ओके' म्हटलं. पुढे थांबायलाही सांगितलं, पण त्याच क्षणी पॅन अ‍ॅमचे वैमानिक बोलले, दोन निरोप एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' तेवढं स्वच्छ ऐकू गेलं. विमान वेग घेत असताना फ्लाइट इंजिनियरला शंका आली. ते दुसरं विमान अजून पट्टीवरच तर नाही ना, असं त्याने विचारलं. कॅप्टन हा 747 च्या वैमानिकांना शिकवणारा ज्येष्ठ प्रशिक्षक होता. त्याने ठामपणे शंका निकालात काढली आणि इंजिनियर पुढे बोलला नाही. दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली.

तिथे कोणी नवशिका नव्हता. उणीव होती ती एका नेमक्या वाक्याची, आणि कनिष्ठाची शंका ऐकून थांबण्याची. विमानवाहतुकीने त्यातून धडा घेतला. 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, नुसत्या 'ओके'वर भागवायचं नाही, महत्त्वाची सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची.

परत म्हणवून घेणं म्हणजे समोरच्याच्या अकलेवर अविश्वास, असा आणखी एक आक्षेप असतो. आपल्या रेल्वेत तो कधीच निकालात निघाला आहे. सिग्नलशी इंटरलॉक नसलेल्या फाटकावर स्टेशन मास्तर गेटमनला फोन करून गाडी येत असल्याचं सांगतो. गेटमन फाटक बंद करतो आणि आपल्याकडच्या यादीतला एक 'प्रायव्हेट नंबर' मास्तरला देतो. तो नंबर नोंदवल्याशिवाय मास्तरने गाडीसाठी सिग्नल द्यायचा नाही. 'हो साहेब, केलं' एवढ्यावर काम होत नाही. मला या पद्धतीत सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की इथे वरचा माणूस खालच्याच्या शब्दासाठी थांबतो. त्यात कोणाचा अपमान होत नाही. उलट गेटमनच्या शब्दाला वजन येतं.

राहिला स्पष्ट बोलणं म्हणजे तोडून बोलणं हा समज. 'तुला काही जमत नाही' हे वाक्य कठोर आहे, पण स्पष्ट मुळीच नाही. ऐकणाऱ्याला त्यातून काय सुधारायचं ते कळत नाही. 'अहवालात मार्चचे आकडे नाहीत, उद्या दुपारपर्यंत घाला' हे स्पष्ट आहे आणि कोणाला लागतही नाही.

घरातल्या न बोलण्याची किंमत तर बँकांच्या वह्यांत मांडलेली आहे. दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या 2014 च्या योजनेनुसार एका वेगळ्या निधीत जातात. तिथे हजारो कोटी रुपये साठले आहेत. वारसांना शोध घेता यावा म्हणून 2023 साली रिझर्व्ह बँकेला 'उद्गम' हे पोर्टल सुरू करावं लागलं. यातली प्रत्येक ठेव घरच्यांपासून लपवलेली होती असं नव्हे, पण 'बायकोला कशाला काळजी', 'मुलं अजून लहान आहेत' म्हणत न सांगितलेली खाती त्यात नक्की आहेत. माणूस गेल्यावर त्याची बायको कागद हातात घेऊन बँकेच्या रांगेत उभी राहते, तेव्हा तिला काळजीपासून वाचवल्याचा दावा टिकत नाही.

ज्यांच्या हाती घराचे व्यवहार आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. खाती, विमा, देणी-घेणी, नॉमिनीची नावं एका वहीत लिहा, घरच्यांना शेजारी बसवून ती वाचून दाखवा आणि मग त्यांना विचारा, 'आता तुम्ही मला सांगा, काय कुठे आहे?'