गृहव्यवस्था : पोहण्याच्या हौदाची गाळणी

वस्त्रानें गाळलेलें पाणी प्यावें अशी मनूची आज्ञा आहे. आणि तोच निवळीविषयीं म्हणतो कीं, तिचें फळ पाणी स्वच्छ करणारें असलें तरी नुसतें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं. ज्यांच्या बंगल्याच्या आवारांत पोहण्याचा हौद आहे त्यांनीं हें दुसरें वचन विशेष ध्यानांत ठेवावें. गाळणी बसविली, आतां चिंता नाहीं, हा समज आम्हांस चांगल्या सुशिक्षित घरांतहि आढळला आहे.

घरगुती हौदाची गाळणी बहुधा वाळूची असते. बंद टांकींत सुमारें अर्धा मिलिमीटर जाडीची एकसारखी वाळू असते. पंप हौदांतील पाणी ओढून तें वाळूंतून दाबानें खालीं लोटतो व मळ वाळूंत अडकतो. मळ सांचला कीं वाट अरुंद होते आणि टांकीवरील प्रेशर गेजचा कांटा चढतो. हा कांटा म्हणजे गाळणीची नाडी होय. नुकत्या धुतलेल्या गाळणीचा आंकडा टांकीवरच लिहून ठेवावा. त्याहून दर चौरस इंचास 8 ते 10 पौंड दाब अधिक दिसला म्हणजे ती धुवावी. वार पाहून धुणें आम्हांस पसंत नाहीं. किंचित् मळलेली वाळू नव्या धुतलेल्या वाळूपेक्षां बारीक कण अधिक चांगले अडविते. शिवाय प्रत्येक धुण्यांत कांहींशें लिटर पाणी वाहून जातें. ज्या गांवीं वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते तेथें दर रविवारीं गाळणी धुणाऱ्या गृहस्थास काय म्हणावें? उलट, कांटा नेहमींपेक्षां खालीं उतरला असेल तर पंपापुढील टोपली पानांनीं व केसांनीं भरली आहे काय, तें प्रथम पाहावें.

धुणें म्हणजे पाणी उलट, खालून वर, सोडणें. कारागीर त्यास बॅकवॉश म्हणतात. त्यासाठीं व्हॉल्व्हची मूठ फिरवावी लागते, व फिरविण्यापूर्वीं पंप बंद केलाच पाहिजे. चालत्या पंपावर मूठ फिरविली तर आंतील रबरी पट्टी सरकते किंवा फाटते, आणि गाळलेलें व न गाळलेलें पाणी आंतल्या आंत मिसळूं लागतें. एकत्र कुटुंबांत आज पुतण्या, उद्यां गडी, परवां सुटींत आलेले जांवई हें काम करणार. म्हणून ही सूचना भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावी. कांचेंतून दिसणारें पाणी स्वच्छ होईपर्यंत, म्हणजे सामान्यतः दोन-तीन मिनिटें, उलटा प्रवाह चालूं द्यावा. मग पुन्हां पंप थांबवून मूठ ‘रिन्स’वर आणावी व अर्धें-एक मिनिट पाणी बाहेर जाऊं द्यावें, नाहीं तर सैल झालेला मळ हौदांतच येतो. हें क्लोरिनचें पाणी तुळशीवृंदावनाकडे वळवूं नये.

वाळू साधारणतः पांच ते सात वर्षांनीं बदलतात. विहिरीचें वा बोअरचें पाणी जड असल्यास तिचे गठ्ठे बनतात. तेव्हां आधींच पाहावें.

आतां खरी गोष्ट. वाळू मळ अडविते, जंतु मारीत नाहीं. त्यासाठीं पाण्याच्या दहा लक्ष भागांत 1 ते 3 भाग क्लोरिन हवा, आणि पाण्याचा पीएच 7.2 ते 7.8 च्या दरम्यान हवा. तो फार चढला तर क्लोरिन असून नसल्यासारखा होतो. इतकेंहि करून क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा जंतु क्लोरिनच्या पाण्यांत आठवड्याहून अधिक काळ जगतो. तो चार ते सहा मायक्रॉन एवढाच असल्यामुळें वाळूंतूनहि निसटतो. तळ आरशासारखा दिसत असतांहि अशा पाण्याचा एक घोट मुलांना दिवसचे दिवस जुलाब लावूं शकतो. यास्तव ज्याला जुलाब होत आहेत त्या मुलानें हौदांत उतरूं नये; याच जंतूचें निदान झालें असेल तर बरें वाटल्यावरहि दोन आठवडे नाहीं. येथें आजीची रदबदली चालूं देऊं नये.

तळाची जाळी तुटली किंवा सैल झाली असेल तर पंप सुरूच करूं नये. त्या छिद्राच्या ओढीनें केस वा अंग धरलें जाऊन मुलें दगावलीं आहेत. अमेरिकेनें याकरितां 2007 सालीं स्वतंत्र कायदा केला. पंपाची कळ कोठें आहे हें घरांतील प्रत्येक मोठ्या माणसास, स्वयंपाकघरांत असणाऱ्या मंडळींसहि, दाखवून ठेवावें.