जिन्याचं लाकूड कुठून आलं?

गिरगावातल्या खोताच्या वाडीत कधी गेला आहात का? चिंचोळ्या गल्लीत कौलारू घरं, बाहेरून वर चढणारे लाकडी जिने, नक्षीदार कठड्यांचे सज्जे! जुन्या मुंबईत अशा कामासाठी नावाजलेलं लाकूड म्हणजे ब्रह्मदेशचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा साग. सुतारकाका त्याला ‘बर्मा टीक’ म्हणतात.

साग तर आपल्या आलापल्लीच्या जंगलातही होतो. मग तो इतक्या लांबून का आणायचा? कारण तिथल्या जुन्या जंगलांत सरळ, लांबलचक, कमी गाठींचे ओंडके मिळत.

पण गंमत अशी, की ओला साग इतका जड असतो की पाण्यात बुडतो! म्हणून झाडाच्या बुंध्याभोवती खोल खाच पाडून ते दोन-तीन वर्षं उभंच वाळवायचे. मग ते तोडायचे, हत्ती ओंडके ओढत नदीपर्यंत न्यायचे आणि तराफे बांधून ते इरावतीतून बंदराकडे सोडायचे.

सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं. त्यामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही आणि पावसापाण्यात ते लवकर कुजत नाही. ते फारसं फुगत-आकसतही नाही. खोड एकच बरं का! त्यात वाळूसारखे बारीक कण असतात, म्हणून रंध्याची धार लवकर बोथट होते.

या लाकडापायी एक राज्यही गेलं. मुंबईत 1863 साली सुरू झालेली ‘बॉम्बे बर्मा’ कंपनी तिथला साग तोडत असे. पूर्ण पैसे न भरल्याच्या आरोपावरून 1885 मध्ये ब्रह्मी दरबाराने तिला जबर दंड केला. इंग्रजांना लढाईला निमित्त मिळालं! थिबा राजाला कैद करून आपल्या रत्नागिरीत ठेवलं. 1916 मध्ये तो तिथेच वारला.

म्यानमारने 2014 पासून सागाचे ओंडके परदेशी पाठवणं बंद केलं आहे. इकडे खोताच्या वाडीतली कितीतरी जुनी घरं पाडली गेली. असं घर पाडताना निघालेली तुळई चुलीत घालायची नसते. रंधा मारला की आतून पुन्हा सोनेरी-तपकिरी लाकूड निघतं आणि त्याचं टेबल, दार, कपाट होतं.

करून पाहा : घरातल्या जुन्या सागवानी फळीचं कापलेलं टोक निरखा. बारीक रेषा दिसतील. साधारणपणे एक रेष म्हणजे झाडाचं एक वर्ष. मोजा बरं, तुमच्या वयापेक्षा जास्त भरतात का?