मिशनरी वृत्ती

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजातले एक जुने प्राध्यापक निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत एक वक्ते म्हणाले, "सरांनी तीस वर्षे मिशनरी वृत्तीने शिकवले." टाळ्या पडल्या. पुढे चहाच्या वेळी कुणाच्या तरी नातवाच्या शाळेचा विषय निघाला, तेव्हा तेच गृहस्थ आवाज उतरवून म्हणाले, "शाळा चांगली आहे हो, पण मिशनरी लोकांची!"

मी पडलो मराठीचा मास्तर. सभेत जो शब्द गौरवाचा, तोच चहापाशी संशयाचा कसा झाला, याचा विचार करीत मी घरी आलो. आणि आठवले ते आपल्या पुण्यातले शारदासदन.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. विधवांच्या शिक्षणासाठी १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. पैसा अमेरिकेतला, सल्लागार न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे, आणि बोली अशी, की कोणाच्या धर्मात ढवळाढवळ करावयाची नाही. पण रमाबाई प्रार्थनेला बसत तेव्हा त्यांच्या खोलीचे दार उघडे असे. काही मुली आत जाऊन बसू लागल्या. झाले! १८९३ साली गावात वादळ उठले. 'केसरी'ने कोरडे ओढले, सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या.

चूक कोणाची? विश्वासाने सोपवलेल्या मुलीचे मन बदलले तर बाप घाबरणारच. पण रमाबाईंची बाजूही समजून घ्यावी. 'मिशन' या शब्दाचा मूळ अर्थच 'पाठवणे'. आपल्याला देवाने पाठवले आहे, दुखणाइताची सेवा करण्यासाठी आणि शुभवर्तमान सांगण्यासाठीही, असे श्रद्धावान ख्रिस्ती माणूस मानतो. ही दोन कामे त्याच्या लेखी वेगळी नसतात. त्याने आपला देव लपवून सेवा करावी, ही अपेक्षा जरा अवघडच. मात्र भाकरीची किंमत म्हणून त्याने धर्म मागितला, तर ती सेवा राहत नाही, सौदा होतो. जेवून उठलेल्याला "तुमचा देव मला नको" असे म्हणण्याची मुभा आहे की नाही, एवढेच पाहावे.

शारदासदनात ती मुभा होती, असे मला वाटते. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. वादळाच्या त्याच वर्षी, १८९३ मध्ये, त्यांचा पुनर्विवाह झाला तो धोंडो केशव कर्वे यांच्याशी. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास गेला, आणि त्यासाठी बायाबाई कर्वे झालेल्या गोदूबाई वर्गणी मागत हिंडल्या. ख्रिस्ती बाईंच्या घरी पेटलेली पणती हिंदूंच्या अंगणात उजेड पाडू लागली!

रमाबाई मात्र केडगावास गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार बायकामुलींना त्यांनी तिथे आसरा दिला. तिथे सारा कारभार उघड ख्रिस्ती होता. दौंडच्या वाटेवरचे ते मुक्ती मिशन आजही उभे आहे. "त्यांनी त्या मुलींना का बाटवले?" असे विचारणाऱ्याला मी अडवीत नाही. फक्त त्याच्या जोडीने दुसरा प्रश्न विचारतो : त्या मुलींना आपल्यापैकी किती जणांनी दार उघडले होते?

पुन्हा ते वक्ते भेटले, तर चहापाशी त्यांना एवढेच विचारीन.